रडून सांगायची रीत

हलका धान कापणीला आला की आमच्या भागात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शेतात विळे आणि गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा. भाऊबीज झाली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, जावई येतात, ज्यांच्या घरी लग्नाची पोरं आहेत ते डोळे उघडे ठेवून दुकानादुकानांतून फिरतात, आणि भोंग्यावरून कुणीतरी दिवसभर आकाशपाळण्याचं कौतुक करत असतो. रात्री दंडार, नाचगाण्याचं नाटक. सकाळी पुन्हा विळे. यंदा अंगणवाडीकडे जाताना वाऱ्याबरोबर कापलेल्या धानाचा तो ओलसर गोड वास आला आणि माझी पावलं सवयीनं थोडी हळू झाली. दुसरं काही झालं नाही. या वासानं माझं काहीतरी व्हायला हवं अशी मी दरवर्षी वाट बघते आणि दरवर्षी नुसती अंगणवाडीत पोचते.

माझी मुलगी दीपू बाप गेल्यापासून मंडईचे दिवस टाळत होती. शाळेत होती तोवर मंडईच्या दिवशी तिचं पोट दुखायचं, ताप यायचा. नागपूरला शिकायला गेली तेव्हा पेपर निघाले. "दिवाळीत कोनते पेपर असतेत?" मी विचारायची. "असतेत," ती म्हणायची आणि फोन ठेवायची. यंदा मात्र ती आली. तिला पुण्याला नोकरी लागली आहे. आता गेली की सुटी मिळायची नाही, म्हणून चार दिवस आली. ती जे ओझं घेऊन इथून गेली होती तेच घेऊन पुण्याला जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. त्या ओझ्याबद्दलच लिहायला बसले आहे.

अडचण अशी की मला गोष्ट सांगता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तक्रार नको. अंगणवाडीत गोष्टी सांगणं हा माझ्या कामाचाच भाग, पण मी कोल्ह्याची गोष्ट सुरू केली की पोरं भिंतीवरची पाल बघायला लागतात. आमची मदतनीस तीच गोष्ट सांगते तेव्हा तीच पोरं तोंडं उघडी टाकून बसतात. कोल्हा तोच, विहीर तीच. मी सगळं क्रमानं सांगते, काही गाळत नाही, काही जोडत नाही. दीपूचे बाबा एकदा दारातून ऐकत उभे होते. घरी येताना म्हणाले, "तू गोस्ट सांगतेस का हजेरी घेतेस?"

त्यांचं म्हणजे उलट. लहानपणी ते सालेकशाकडे मामाच्या गावी राहिले होते, तिथं मोहफुलं वेचताना त्यांनी अस्वल पाहिलं होतं. लग्नानंतर मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा अस्वल नाल्याच्या पलीकडे होतं. दीपू पोटात असताना ते पाण्यात उतरलं. ती शाळेत जायला लागली तोवर अस्वल अलीकडे येऊन ह्यांच्या टोपलीतली मोहफुलं खात होतं आणि त्याचा श्वास ह्यांच्या मानेला लागत होता. दीपू दर वेळी डोळे मोठे करून विचारायची, "मंग तुमी काय केलं, बाबा?" आणि दर वेळी ते काहीतरी निराळंच करायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, मागच्या वर्षी अस्वल पलीकडं होतं ना?" तर म्हणाले, "अवं, अस्वल काय एका जागी बसते का?" दीपू खो खो हसली. मीही हसले होते बहुतेक. त्या वेळी मला हसू सहज यायचं.

आता तो दिवस. तो मी सांगते तसाच सांगते.

दवनीवाड्याची मंडई होती. माझी नणंद देवकाबाई तिथं दिलेली, ती आदल्या दिवशी येऊन दीपूला घेऊन गेली होती. आम्ही दोघं शेतावर होतो. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, कापून पसरलेल्या कडपा वाळल्या होत्या, भारे बांधून झाले होते, ते बैलबंडीवर भरून घराकडच्या पुंजण्याला, म्हणजे गंजीला, आणायचे होते. बंडी उंच भरली. असं भरलं की वरून दोर टाकून आवळावा लागतो. एकानं या बाजूनं दोर फेकायचा, दुसऱ्यानं त्या बाजूनं धरायचा, आणि दोघांनी ओढायचं. मध्ये धानाची भिंत असते, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. त्यांनी दोर फेकला. "धर," म्हणाले. मी धरला. पलीकडून ओढ आली नाही. मी धरून उभी राहिले. मग "ओढा ना" म्हटलं. मग जाऊन पाहिलं तर ते चाकाजवळ पडले होते. शेजारच्या बांधीतली माणसं धावली, गोंदियाला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "रास्ते में ही खत्म हो गये थे. शायद खेत में ही. आप बैठिए." मी बसले. बाकाच्या खाली कुणाचं तरी मूल चिवडा सांडून गेलं होतं, मुंग्या लागल्या होत्या.

एवढंच आहे. यात काही राहिलेलं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं. आणि घरच्यांनी ते पहिल्यापासून सांगायचं असतं. सकाळी आलेल्याला सांगितलं म्हणून दुपारी आलेल्याला आखूड करून चालत नाही; तो दुरून आलेला असतो, त्याचा तो हक्क. मी सांगत गेले. भारे, बंडी, दोर, "धर", चाक. येणारा ऐकायचा, पुढचं काही आहे का म्हणून थांबायचा, आणि पुढचं काही नसायचं. मग तो डोक्यावरून हात फिरवून टोपी हातात घ्यायचा आणि चहाकडे बघायचा. ऐकणाऱ्याला रडू फुटायला कुठंतरी जागा लागते. माझ्या सांगण्यात ती नव्हती. एक म्हातारा तर निघताना दारात दुसऱ्याला म्हणाला, "थे बाई त असी सांगून रायली जसी बस चुकली."

खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. लोकांना वाटतं आतून फार वाटत असेल, वरून दाखवत नसेल. तसंही नव्हतं. आत गेलं तरी तिथं काही नव्हतं. माझं लक्ष भलतीकडेच जायचं. कुणाची कपबशी कोणती, शेतात राहिलेले भारे कोण आणणार, दवाखान्यातल्या त्या मुंग्या. हाताच्या तळव्यांना दोराची खरखर मात्र जाणवत राहायची, भात कालवताना सुद्धा.

आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना याची काळजी लागली. नवरा गेला आणि बाई रडली नाही तर ती डोक्यानं जाते असं आमच्याकडे मानतात, आणि तशा बाईला रडवणं हे शेजाऱ्यांचं कामच असतं. प्रेताला जसे चार खांदे लागतात तसं हेही सगळ्यांनी मिळून करायचं. त्यांनी ह्यांचा शर्ट आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी त्याची घडी केली. एकीनं माझ्या पाठीत धपका मारला, "रड वं माय, रड, कायले कोंडून ठेवतेस?" मी तिला म्हटलं, बसा, चहा ठेवते. ती माझ्याकडे घाबरून बघायला लागली.

देवकाबाई दीपूला घेऊन आली ती अंगणापासूनच रडत आली. आता देवकाबाईच्या रडण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या बाया भेटल्या की गळ्यात पडून रडतात, आणि नुसत्या रडत नाहीत, रडता रडता सांगतात. सूर लावून, हेल काढून, एकेक ओळ सोडत. कुणी कधी काय दिलं, कुणी काय बोललं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, सगळं त्यात येतं. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. देवकाबाईला जमतं. एरवी ती बोलताना पुढचं मागे करते, नावं विसरते, तिला दुकानात धाडलं तर साखरेऐवजी मीठ घेऊन येईल. पण पदर तोंडाला लावून तिनं पहिली ओळ सोडली की घरातला गडीमाणूस बाहेर उठून जातो, त्याला तिथं बसवत नाही.

ती शेतात नव्हती. तिनं आल्यावर माझ्याकडूनच ऐकलं होतं, तेच भारे, तीच बंडी. पण तिच्या तोंडून निघालं ते असं: "भरल्या बांधीत रे माह्या भाऊ, तुले कोनाची नजर लागली रे... बैलं उभी रायली रे, बंडी उभी रायली रे, हाकनारा कुठी गेला रे..." मी दाराशी बसून ऐकत होते. मला बैल दिसले. मी स्वतः तिथं होते आणि मला बैल आठवत नव्हते. तिनं सांगितलं तेव्हा ते माना वळवून उभे असलेले दिसले. सगळं घर रडत होतं. अंगणातली माणसं रडत होती. मी एकटी कोरडी बसले होते आणि मनात म्हणत होते, किती चांगलं सांगते ही.

तिसऱ्या दिवशी, पाहुणे जरा कमी असताना, तिनं माझ्या गळ्याला मिठी घातली आणि तिच्या रडण्यात एक नवी ओळ आली. "आवाज देल्ला रे माह्या भाऊनं, दीपू माही कुठी हाय म्हनलं रे... दीपू त मंडईच्या पाळन्यात झुलून रायली रे, तिले कोन सांगल रे..." ती माझा चेहरा दोन्ही हातांत धरून, माझ्या डोळ्यांत बघून हे म्हणत होती. मला कळलं की हे घडलेलं नाही. मी ते म्हणालेही. "त्यांनी आवाज नाही दिला, देवकाबाई." साध्या आवाजात म्हणाले. पण त्या कोलाहलात ते कुणाला ऐकू जाणार? आळीतल्या म्हाताऱ्या हुंदके देत होत्या. पुढच्या दिवसापासून ती ओळ कायमची झाली. तिच्यामुळे सगळ्या गोष्टीला एक शेवट मिळाला होता ना. येणारी माणसं आता "धर" विचारत नव्हती, "पोरीले आवाज देल्ला म्हनतेत" असं म्हणतच घरात शिरत होती.

दीपू धान साठवायच्या ढोलीला टेकून बसायची. तिला पाहून लोकांचं रडणं वाढायचं. तिच्याकडे बघून मला वाटायचं, पोर समजूतदार आहे, किती शांत बसली आहे.

सांगण्याची ताकद कशात असते याचा मी नंतर बराच विचार केला. विचार करायला काही वाटावं लागत नाही, तेवढं बरं. लोक म्हणतात अमुक जण तिखटमीठ लावून सांगतो, जणू तो लबाडच. पण घडलेली गोष्ट तशीच्या तशी ताटात वाढली तर ती कुणाच्या घशाखाली उतरत नाही हेही मी पाहिलं आहे. ह्यांचं अस्वल दर वर्षी जवळ आलं म्हणूनच ते दीपूच्या अजून लक्षात आहे. नाल्यापलीकडचं अस्वल ती कधीच विसरली असती. देवकाबाई नसती तर आमच्या घरात तेरा दिवस नुसता चहा उकळला असता. तिच्यामुळे माणसं रडून हलकी होऊन गेली. माझ्या खरेपणाचा कुणाला काय उपयोग झाला? मी खरं सांगितलं आणि ते माझ्यापाशीच राहिलं.

त्यानंतरची वर्षं गेली. म्हणजे गेलीच असणार, कारण दीपू मोठी झाली. रोवणी, कापणी, मग लाखोळीचं पीक, पुन्हा रोवणी. शेत आता बटाईनं दिलं आहे आणि तिथं हार्वेस्टर येतं. सकाळी येतं आणि दुपारी बांधी मोकळी होते. ना कडपा, ना भारे. शेजारी म्हणतात, किती सोपं झालं. मी हो म्हणते. मंडईच्या दिवसांत देवकाबाई दरवर्षी येते, पिशवी ठेवते आणि माझ्या गळ्यात पडून पहिल्यापासून सगळं सांगते. ओळी आता घोटून घोटून गुळगुळीत झाल्या आहेत. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि गॅसवर काही ठेवलं आहे का ते आठवते.

दीपू का येत नाही ते मला या उन्हाळ्यात कळलं. छपरीसमोर उन्हात कुरोड्या वाळत घातल्या होत्या, आम्ही दोघी शेळ्या हाकलत बसलो होतो. मध्येच ती म्हणाली, "आई, पाळना लई उंच होता वं."

"कोनता पाळना?"

"मंडईतला. बाबानं आवाज देल्ला तवा मी वर होती. हसून रायली होती मी. आत्या खालून हात दाखवून रायली होती, अन् मी हसून रायली होती." ती कुरोडीचा एक तुकडा बोटांनी बारीक करत होती. "मी घरी असती त त्याले दिसली असती तरी."

मग मला समजलं की तेरा दिवस ती ढोलीला टेकून काय ऐकत होती. आणि त्यानंतर दरवर्षी भोंगा सुरू झाला की तिला काय ऐकू येत होतं. मला काहीतरी व्हायला हवं होतं तेव्हा. माझे तळवे तेवढे गरम झाले. मी म्हटलं, "त्यायनं आवाज नाही देल्ला, दीपू. दोर फेकला, धर म्हनले, मी धरला. मंग काही बोललेच नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, लहान मुलाकडे बघावं तसं. "तू मले बरं वाटाव म्हनून सांगून रायलीस."

"नाही वं. मी तिथं होती."

"तू सांगतेस त काहीच दिसत नाही, आई. सरकारी योजनेची माहिती देल्यासारखं सांगतेस. आत्या सांगते त दिसते मले. बाबाचं तोंड दिसते." आणि मग हळूच म्हणाली, "आत्याले खोटं बोलता येत नाही. तिले साधा भाव करता येत नाही दुकानात."

मी जे पाहिलं ते खोटं ठरलं आणि जे कुणी पाहिलं नाही ते दिसत होतं. मी दोनदा, तीनदा सांगितलं. जितक्यांदा सांगितलं तितकं ते जास्त रचलेलं वाटायला लागलं. मलाच वाटायला लागलं. शेळीनं कुरोड्यांत तोंड घातलं तेव्हा आम्ही दोघी सुटलो.

यंदा ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी देवकाबाई आली. एका पिशवीत चिवडा, एका पिशवीत भुईमुगाची फल्ली, कपाळावर घाम. दीपू घरात आहे हे तिला माहीत नव्हतं. दारातच तिनं दीपूला पाहिलं आणि पिशव्या तिथंच टाकल्या. आता ती माझ्याऐवजी दीपूच्या गळ्यात पडली आणि पदर ओढून तिनं सूर लावला. भरली बांधी आली. बैल आले. दीपू काठीसारखी ताठ उभी होती, दोन्ही हात बाजूला, बोटं पसरलेली. तिची नजर माझ्याकडे होती. मला दिसत होतं की ती त्या ओळीची वाट बघते आहे. पळून जाता येत नाही म्हणून उभं राहिलेलं माणूस असं बघतं.

रडणाऱ्या बाईला आमच्याकडे कुणी अडवत नाही. तिची ओळ संपू द्यायची, मग पाणी द्यायचं. मी आजवर कुणाला अडवलेलं पाहिलं नाही. "आवाज देल्ला रे माह्या भाऊनं" इथपर्यंत ती आली आणि मी म्हटलं, "बस करा, देवकाबाई."

तिनं ऐकलं नाही असं वाटून मी पुढे गेले आणि तिचा दंड धरला. "बस करा. त्यायनं आवाज देल्ला नव्हता. तुमाले माहीत हाय."

देवकाबाईचा सूर तोंडातच राहिला. तिनं पदर खाली केला. तिचे डोळे लाल होते, ते खरे लाल होते. मला वाटलं आता ही भांडणार, दारात टाकलेल्या पिशव्या उचलून निघून जाणार, आणि भावाचं घर तुटल्याचं दवनीवाड्यापर्यंत सांगत जाणार.

"माहीत हाय, वहिनी," ती म्हणाली.

दीपूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मंग काऊन म्हनलं?" मी विचारलं. "दरसाल काऊन म्हनता?"

ती खाली बसली. गुडघ्याला हात लावून, हळूहळू, म्हातारी बसते तशी. ती म्हातारी झाली आहे हे मी तेव्हा पाहिलं. "तुमी रडून नव्हत्या रायल्या," ती म्हणाली. "दादा गेला अन् तुमी त्याच्या शर्टाची घडी केली. बुढ्या म्हनत इले रडवा, नाही त हे बी जाते. सगळं करून पायलं. मंग मी म्हनलं, पोरीचं नाव घेतो, मायचं काळीज हाय, पोरीच्या नावानं तरी फुटल." तिनं नाक पुसलं. "तुमच्यासाठी म्हनलं होतं मी ते. तुमी तवाबी नाही रडल्या. अन् दरसाल म्हनतो, का आता तरी रडतील. दुसरं काय येते मले?"

मी उभीच होते. इतकी वर्षं ती माझ्या गळ्यात पडून माझ्याशीच बोलत होती आणि मी गॅस आठवत होते. आणि जी ओळ माझ्यासाठी केली ती मला लागली नाही. माझ्या बाजूनं निघून ती मागे ढोलीला टेकून बसलेल्या पोरीला लागली. देवकाबाईला हे माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दीपू तिच्यासमोर बसली. "आत्या," ती म्हणाली, "मंग बाबा काय म्हनले?"

देवकाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगा.

तिचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. तिला सवय नव्हती. सूर न लावता कसं सांगायचं ते तिला शोधावं लागत होतं, एकेक शब्द चाचपून ती तो खाली ठेवत होती. "भारे भरून झाले होते. तुह्या बापानं दोर फेकला. 'धर' म्हनलं. तुह्या मायनं धरला." ती थांबली. "मंग तो काही बोललाच नाही, बेटा."

"कोनालेच नाही?"

"कोनालेच नाही. टाईमच नाही भेटला त्याले."

दीपूचे खांदे खाली आले. ते इतके वर होते हे मला ते खाली आल्यावर दिसलं. तिनं एक लांब श्वास सोडला आणि फक्त "बरं" म्हणाली. तेच शब्द होते, माझेच, भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी दिलेले, आणि देवकाबाईच्या तोंडून ते तिला खरे वाटले. मग त्या दोघी वर माझ्याकडे बघायला लागल्या.

"दीपू," देवकाबाई हळूच म्हणाली, "मायले पानी दे."

दीपूनं तांब्या आणला, पण मला तो धरता येईना. मी खाली बसले होते, देवकाबाईनं मला कुशीत ओढलं होतं आणि माझ्या तोंडातून आवाज निघत होता. त्यात एकही शब्द नव्हता.